प्रशियन ब्लू तिकिटावरचं चित्र घ्यायचंय: सायनोटाइप, स्क्रीनप्रिंट की डिजिटल प्रिंट?

राजा पाचवा जॉर्ज याच्या कारकिर्दीला १९३५ साली पंचवीस वर्षं झाली, तेव्हा ब्रिटनच्या टपाल खात्याने चार तिकिटं काढली. रेखाटन बार्नेट फ्रीडमन यांचं, छपाई हॅरिसन अँड सन्सची. त्यातलं अडीच पेनीचं तिकीट निळं. हा निळा नेमका कोणता घ्यायचा हे ठरवताना काही छटा छापून पाहिल्या होत्या आणि त्यातल्या प्रशियन ब्लू छटेचे चार ताव चुकून विक्रीच्या साठ्यात गेले. तावात १२० तिकिटं, म्हणजे सगळी मिळून ४८०. उत्तर लंडनमधल्या एडमंटन भागातल्या टपाल कचेरीत त्यातली बरीचशी नेहमीच्या अडीच पेनीलाच विकली गेली.

रेखाटन तेच, राजाचा चेहरा तोच, १९१० आणि १९३५ ही सालंही तीच. वेगळी होती ती फक्त शाई. त्यामुळे या तिकिटावरून केलेलं चित्र घ्यायला निघालेल्याने आधी एकच गोष्ट विचारावी: यातला निळा कशाचा आहे? सायनोटाइप, स्क्रीनप्रिंट आणि डिजिटल प्रिंट, तिन्ही दुरून निळेच दिसतात. जवळ गेलं की तिघांचं काहीच जुळत नाही.

सायनोटाइपपासून सुरुवात करतो, कारण माझा जीव तिथे आहे. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही पद्धत. लोहाचे क्षार कागदावर ब्रशने लावायचे, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि मग साध्या पाण्यात धुवायचं. कागदाच्या तंतूंत जे उरतं ते खुद्द प्रशियन ब्लू, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेलं तेच रंगद्रव्य. तिकिटाच्या छटेला ज्याचं नाव मिळालं ते द्रव्य इथे प्रत्यक्ष कागदात मुरलेलं असतं. माझ्याकडच्या सायनोटाइपमध्ये राजाच्या दाढीपाशी निळा इतका गडद झालाय की काळाच वाटतो. कपाळावर तो विरत जातो आणि मधूनच कागदाचा खरखरीतपणा वर येतो. कडेला ब्रशचे फटकारे तसेच राहिलेत. असं चित्र पुन्हा करायला घेतलं तरी हुबेहूब तेच येत नाही.

पण सायनोटाइपला जपावं लागतं. प्रखर उजेडात ते फिकं पडतं. गंमत अशी की काही काळ अंधारात ठेवलं की गेलेला निळा बराचसा परत येतो. अल्कली मात्र त्याचा कायमचा शत्रू. आम्लामुळे कागद पिवळा पडू नये म्हणून काही माउंट बोर्डांत, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्यांत, मुद्दाम खडूसारखा अल्कलीयुक्त क्षार मिसळलेला असतो. इतर चित्रांना तो चांगला, पण प्रशियन ब्लू त्याने फुटतो आणि मागे मळकट पिवळट डाग राहतो. माझ्या पहिल्या सायनोटाइपच्या दोन कडा अशाच गेल्या. फ्रेम करणाऱ्याला मी काही सांगितलंच नव्हतं, त्याने आपला नेहमीचा चांगला बोर्ड लावला. हा रंग मग कितीही अंधारात ठेवा, परत येत नाही. तेव्हा फ्रेमला देताना ‘अनबफर्ड’, म्हणजे असा क्षार नसलेला बोर्ड नाव घेऊन मागा.

स्क्रीनप्रिंटचा स्वभाव उलटा. ताणलेल्या जाळीतून शाई दाबून काढतात, त्यामुळे ती कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसते. तिरपं पाहिलं तर त्या थराची कड दिसते. रंग सपाट, ठाम, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतो. तिकिटाची दातेरी कड, अक्षरं, आकडे यांना हा ठामपणा शोभतो. खडबडीत कागदावरच्या सायनोटाइपमध्ये बारीक अक्षरं फुटतात, इथे ती स्वच्छ येतात. शिवाय मूळ तिकिटाची छपाई फोटोग्रॅव्हरची, म्हणजे फोटोवरून धातूवर कोरलेल्या बारीक खळग्यांतल्या शाईची. भिंगाखाली धरलं तर सगळं चित्र बारीक चौकटींच्या जाळीत विणलेलं दिसतं. बोटाच्या दोन पेरांएवढं तिकीट हातभर मोठं करताना या जाळीचं काय करायचं हे चित्रकाराला ठरवावंच लागतं. काही जण ती पुसून टाकतात. मला ती मोठी करून दाखवणारे आवडतात, कारण मग हे छापील वस्तूचं चित्र आहे हे लपत नाही. स्क्रीनप्रिंट घेताना प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक आणि सही बघा, आणि शाईत रंगद्रव्य कोणतं ते विचारा. नुसतं ‘प्रशियन ब्लू’ एवढंच उत्तर आलं तर ते छटेचं नाव असू शकतं, द्रव्याचं असेलच असं नाही.

डिजिटल प्रिंटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वस्त, मापाला मोकळं, तिकिटाचा तपशील जसाच्या तसा. कागद सुती आणि शाई रंगद्रव्याची असेल तर टिकतंही चांगलं. पण भिंग लावलं की निळ्याच्या जागी निळसर, गुलाबी, काळे ठिपके शिंपडलेले दिसतात. त्यातला निळसर बहुतेक वेळा थॅलोसायनिनचा असतो, आणि हे रंगद्रव्य मोनास्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आलं तेही १९३५ सालीच. योगायोग सुंदर आहे, तरी तिकिटाशी त्याचं नातं नाही.

भिंतीवर भरपूर ऊन येत असेल तर स्क्रीनप्रिंट घ्या. सावलीतला व्हरांडा किंवा अभ्यासाची खोली असेल आणि फ्रेमकडे लक्ष द्यायची तयारी असेल तर सायनोटाइप. तपशीलच हवा असेल आणि खिशाला झेपायला हवं असेल तर डिजिटल.

निळा नकोच असेल तर टायरियन प्लम या जांभळट लाल तिकिटावरची कामं बघा. सातव्या एडवर्डचं हे दोन पेनीचं तिकीट स्मारक म्हणून काढलेलं नव्हतं. दोन रंगांचं जुनं तिकीट बदलून एकरंगी करायचं, एवढाच हेतू होता. १९१० साली लाखोंनी छापून तयार असताना ६ मे रोजी राजा वारला आणि जवळजवळ सगळा साठा नष्ट केला गेला. वापरलेलं एकच ज्ञात आहे. ५ मेचा शिक्का असलेलं ते तिकीट युवराजांच्या नावे गेलेल्या पाकिटावर होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते युवराज पाचवे जॉर्ज झाले. पंचवीस वर्षांनी निळ्या तिकिटावर आले ते हेच.

इथे सायनोटाइपचा उपयोग नाही, कारण त्याचा मूळ रंग निळाच. डिजिटलमध्ये ही जांभळट लाल छटा बऱ्याचदा विटकरीकडे झुकते. त्यामुळे प्लमसाठी स्क्रीनप्रिंटच, शाई हाताने कालवलेली असेल तर उत्तम. मी दोन्ही एकाच मापाची घेतली आहेत. निळं काही महिने कपाटात विसावतं, तेव्हा त्याच खिळ्यावर प्लम असतं.