पार्सल एजन्सी एकत्र चालवायची तर गाळा वाटून घ्यावा की फेरी?

सोलापुरातले तीन-चार कुरिअर एजन्सीवाले एकत्र बसले की बोलणं गाळ्याच्या भाड्यापासून सुरू होतं आणि 'पोरं टिकत नाहीत' इथे येऊन थांबतं. मग कुणीतरी म्हणतो, आपण एकत्र का करत नाही? मीही छोटी एजन्सी चालवतो, आणि अशा दोन बैठका फिसकटलेल्या पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा कारण एकच होतं. एकाच्या डोक्यात जागा एकत्र करायची होती, तर दुसऱ्याच्या डोक्यात डिलिव्हरी. हे दोन वेगळे धंदे आहेत आणि त्यांचा हिशेबही वेगळा आहे.

आधी जागा. मार्केट यार्डाच्या बाजूला एक मोठा गाळा घ्यायचा, आत चौघांचे कप्पे वेगळे, पोरं वेगळी, रनशीट (त्या दिवसाच्या डिलिव्हरींची यादी) वेगळी. बर्लिनमध्ये 2018 साली डीएचएल, डीपीडी, जीएलएस, हर्मीस आणि यूपीएस या पाच कंपन्यांनी हेच केलं. एका आवारात आपापले कंटेनर ठेवले आणि तिथून मालवाहू सायकलींवर वाटप केलं. आवार एक, पण पार्सल ज्याचं त्यानेच पोचवायचं. यात भांडण कमी, कारण आपल्या मालाला दुसऱ्याचा हात लागत नाही. भाडं, वीज, रात्रीचा वॉचमन वाटला जातो. लाइनची, म्हणजे बाहेरगावाहून माल आणणारी, मोठी गाडी पहाटे शहराबाहेरच रिकामी होते. पण नऊ वाजता चार पोरं चार गाड्या काढून त्याच गल्लीत जातात ती जातातच. पेट्रोल आणि पगार हे आपले मोठे खर्च, आणि त्यांना या वाटणीचा स्पर्शही होत नाही.

आता फेरी. चौघांचा माल भागानुसार लावायचा आणि एका भागात एकच गाडी पाठवायची. जपानमध्ये फुकुओकाच्या तेन्जिन या बाजारपेठेत 1978 पासून अशी संयुक्त वाटपाची पद्धत आहे. आपल्याकडे याचा खरा फायदा कुठे, ते नकाशावर बोट ठेवून पाहा. नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती इथे दुकानाला दुकान लागून आहे, एकट्या एजन्सीचंही पोरगं तासाभरात भरपूर पार्सल उरकतं. एकत्र येऊन तिथे फार वाचणार नाही. पण शहराबाहेर कुंभारीकडच्या विडी घरकुल आणि रे नगर या वसाहती घ्या. रे नगर ही 30 हजार घरांची योजना, त्यातली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये लोकांच्या ताब्यात गेली. धरून चाला की प्रत्येकाची तिकडची पंधरा पार्सलं आहेत आणि जाणं-येणं 20 किलोमीटर. चौघांचे मिळून 80 किलोमीटर झाले. तीच साठ पार्सलं एका छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) टाकली तर 20. शिवाय तिथलाच एखादा पोरगा घेतला तर एकसारख्या इमारतींत घर शोधत फिरावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी दीड वाजता तिकडे पाठवलेल्या पोराचा चेहरा ज्याने पाहिलाय, त्याला हा मुद्दा पटवून द्यावा लागणार नाही.

पूर्व भागातून टॉवेल-चादरीचा माल उचलण्याचं कामही एकत्र करावं, असं काही जण सुचवतात. माझा याला ठाम विरोध आहे. कारखानदार बुकिंग देतो ते माणूस आणि दर बघून, आपली खरी स्पर्धा तिथेच आहे. जुळे सोलापुरात पार्सल घेणाऱ्या बाईंनी मात्र कुरिअर निवडलेलंच नसतं, ते पाठवणाऱ्याने ठरवलेलं असतं. जिथे स्पर्धा नाही तेवढंच वाटून घ्या. कायद्याच्या अंगानेही हेच बरं. 2002 च्या स्पर्धा कायद्यात कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला जागा आहे, पण स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं किंवा गिऱ्हाईक वाटून घेणं हे गंभीर प्रकरण आहे. त्या बैठकीत बुकिंगच्या दराचा विषय निघाला तर उठून यावं.

ई-वे बिलाची (माल आणि गाडीची सरकारी ऑनलाइन नोंद) भीती अनेकांना वाटते, ती बरीचशी अनाठायी आहे. राज्यातल्या राज्यात, ट्रान्स्पोर्टरच्या जागेपासून माल घेणाऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा 50 किलोमीटरच्या आत असेल तर त्यात नव्या गाडीचा नंबर टाकावा लागत नाही.

जबाबदारी हे मात्र खरं दुखणं. फुटलेलं पार्सल कुणाच्या हातात फुटलं? गेल्या दिवाळीत माझं एक पार्सल दुसऱ्याच्या गाडीतून ओलं होऊन आलं, आणि भरपाई मीच दिली, कारण पावती माझी होती. कॅरेज बाय रोड कायद्याखाली गहाळ किंवा खराब मालाची नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत देता येते. म्हणून माल हातबदल करताना फोटो आणि सही हवी, आणि ती नोंद सहा महिने तरी जपायला हवी. चार कंपन्यांचे चार ॲप एकाच पोराच्या मोबाईलवर चालवणंही सोपं नाही. आणि हे सगळं करण्याआधी मूळ कंपनीशी झालेला आपला करार काढून वाचा. दुसऱ्याच्या हातून डिलिव्हरी चालत नसेल, तर तुमच्यासाठी जागा वाटून घेणं हाच पर्याय उरतो.

करार परवानगी देत असेल तर मी फेरीच निवडेन, पण एकाच भागात, कुंभारी बाजूला. सुरुवात दिवाळीच्या गर्दीत नको आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतही नको, तेव्हा मिरवणुकांमुळे शहरातून गाडी काढणंच अवघड असतं. पहिला महिना फक्त पैसे आधी भरलेली पार्सलं. सीओडी, म्हणजे दारात पैसे घ्यायची पार्सलं, दुसऱ्या महिन्यापासून, प्रत्येक एजन्सीची वेगळी पिशवी, आणि हिशेब त्याच रात्री.