‘उघडू नका’ म्हणून विकलेला वस्तरा

माझे आजोबा सोलापुरात बाळीवेशीत केशकर्तनाचा व्यवसाय करत. त्यांच्या धोकटीत कातर, नहरणी, पथरी, चामड्याचा पट्टा आणि इंग्लंडमधल्या शेफील्डचा एक वस्तरा असे. धोकटी अजून घरात आहे, वस्तरा मात्र घर बदलताना हरवला. त्याच्या जोडीचा जुना वस्तरा शोधून, स्वतःच्या हाताने दुरुस्त करून त्या धोकटीत ठेवावा, ही माझी फार दिवसांची इच्छा होती आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी ती विक्रेत्याला सांगून बसलो.

त्याने आतून एक वस्तरा आणला. इंग्लंडमधला, १८५० च्या सुमाराचा, मूठ हस्तिदंताची, तिच्यातल्या रिव्हेटी (जोडखिळे) पितळी, असे सांगून त्याने साडेचार हजार रुपये किंमत केली. मी तो खोलून साफ करणार आहे असे म्हणताच तो गंभीर झाला. “काका, तेवढं करू नका बघा. रिव्हेटी मूळच्या आहेत, काढल्या की अर्धी किंमत गेली.” हे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मी फसलो. मूळ रिव्हेटी शाबूत असलेल्या वस्तऱ्याला संग्राहक खरोखरच जास्त किंमत देतात. खऱ्या जाणकाराचा सल्ला त्याने आपला माल झाकण्यासाठी वापरला. मी रोख पैसे दिले आणि पावती मागितली नाही.

पात्याला पथरीवर धार येई, पण दोन दाढ्यांत ती बसून जाई, शिवाय पाते मुठीत किंचित हलत होते. अखेर मी तो खोलायचे ठरवले. धारेवर कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, मुठीवर ओरखडा येऊ नये म्हणून भोक पाडलेला पातळ पत्रा रिव्हेटीभोवती बसवला आणि बारीक कानशीने तिचे फुगीर डोके घासायला घेतले. खरी रिव्हेट म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची अखंड तार असते आणि तिचेच टोक वॉशरवर हळूहळू ठोकून डोके घडवलेले असते, त्यामुळे ते घासूनच काढावे लागते. येथे कानस दोनदा फिरताच डोके टोपीसारखे उडाले. त्याखाली वाळलेला पिवळा डिंक होता आणि मधोमध कापलेला लोखंडी खिळा.

मुठीच्या दोन फळ्या वेगळ्या झाल्या तेव्हा पात्याचा आत दडलेला भाग दिसला. रिव्हेटीच्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेलेला होता आणि तो इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात लोखंडाचा भुगा कालवून भरलेला होता. असे पाते दाढी करताना गळ्याजवळ निखळले असते, या विचाराने मी बराच वेळ काहीच करू शकलो नाही. धार न टिकण्याचे कारणही मला तेथेच सापडले. फळीखालच्या पोलादावर निळसर झाक होती. गंज काढण्यासाठी पाते यंत्रावर दाबून घासले की ते तापते, सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर असा निळा रंग चढतो आणि धारेचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरते. बाहेरची झाक विक्रेत्याने घासून काढली होती, आतली तशीच राहिली.

पात्यावरचा शिक्का मी भिंगाखाली पाहिला. गंजाच्या एका काळ्या खड्ड्यावरून ‘शेफील्ड’मधले एक अक्षर गेले होते; खड्डा काळा आणि अक्षर आतून उजळ, म्हणजे अक्षर गंजानंतरचे. खाली ‘मेड इन इंग्लंड’ होते. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कर कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव बंधनकारक केल्यानंतर अशा खुणा सर्रास दिसू लागल्या; १८५० च्या वस्तऱ्यावर त्या शब्दांचे काय काम? मूठ चोळल्यावर कापराचा वास आला, म्हणजे ते सेल्युलॉइड नावाचे जुने प्लास्टिक होते. ते चटकन पेट घेते, म्हणून त्याला गरम सुई लावून पाहण्याचा मोह टाळावा. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. शिवाय आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताचा व्यापार हा गुन्हा आहे, तेव्हा तो शब्द ऐकताच मी उठायला हवे होते.

न खोलताही यातले बरेच कळू शकते. पाते उघडून मुठीच्या टोकाकडच्या, दोन फळ्यांमधल्या पाचरेजवळच्या रिव्हेटीला लहान लोहचुंबक लावावा (दुसऱ्या टोकाला आत पोलादच असते, तेथे तो चिकटणारच). पितळेला चुंबक लागत नाही. मग फळ्यांच्या फटीत उजेड टाकून भोकाभोवती गोंदाचा भराव आहे का ते पाहावे, आणि शिक्का भिंगाखाली धरावा. विक्रेता एवढेही करू देत नसेल, तर व्यवहार करू नये.

मी परत गेलो तेव्हा उत्तर तयार होते. “तुम्ही उघडलात ना काका, आता कसा परत घेऊ?” पावती नसल्याने मला काही सिद्ध करता येईना. पावती असती तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना तिचा आधार झाला असता.

सुटे झालेले पाते, दोन्ही फळ्या, तो खिळा आणि उडालेली डोकी मी एका डब्यात ठेवली आहेत. आपल्या गावातल्या कोणाला जुना वस्तरा घ्यायचा असेल, तर त्याने आधी माझ्याकडे येऊन हे तुकडे भिंगातून पाहावेत.