लाल थीहोंग की काळी थीशी?

चिनी दरबारी लॅकरची, म्हणजे झाडाच्या चिकाचे थर चढवून केलेली, एखादी डबी घ्यायची म्हटली की बहुतेकांचं मन थीहोंगवर बसतं. हिंगूळ मिसळलेला लाल थर, त्यात कोरलेली फुलं. माझंही बसलं होतं. नोकरीनिमित्त बीजिंगला असताना मी आधी तीच घेतली आणि वर्षभराने थीशी, म्हणजे वरून काळी दिसणारी, वळणांच्या नक्षीची डबी. आज दोन्ही घरात आहेत.

मेहनतीत डावं-उजवं करवत नाही. झाडाच्या चिकाचा पातळ हात द्यायचा, दमट हवेत तो घट्ट होऊ द्यायचा, मग दुसरा. उंच कोरीवकामाला असे शंभरावर हात लागतात आणि मगच सुरी चालते. (हा चीक अंगावर उततो, आपल्या बिब्ब्यासारखा. दोन्ही झाडं एकाच कुळातली.) थीशीत मात्र चित्र नसतं. लाल-काळे थर आलटून पालटून चढवतात आणि त्यातून ढगांसारखी वळणं कोरतात. तिरप्या खाचेत त्या थरांच्या बारीक रेघा उघड्या पडतात.

थीहोंगचा रुबाब वेगळाच, हे मान्य. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात श्वेनद या चिनी सम्राटाच्या काळातलं (१४२६–१४३५) कोरीव लाल टेबल आहे. त्यावरचे ड्रॅगन बघून माणूस तिथून हलत नाही.

पण घरात मला जेरीस आणलं ते धुळीने. पाकळ्यांच्या मागे जी बारीक जाळीची नक्षी असते, तिच्यात धूळ बसली की निघत नाही. फडकं पोचत नाही, ब्रशचे केस अडकतात. एकदा जरा जोर लागला आणि एका पाकळीची कड टवकली. ते अजून डोळ्यांना टोचतं. योंगले काळातले (१४०३–१४२४) कारागीर कडा घासून गोलसर करत. छ्येनलोंगच्या काळात (१७३६–१७९५) सुरीची धार तशीच ठेवण्याकडे कल गेला. मी दुकानांतून पाहिलेली नवी थीहोंग बहुतेक या दुसऱ्या वळणाची होती.

काचेचं कपाट असेल तर थीहोंग जरूर घ्या, कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही. रोज हाताळायची असेल तर मी थीशीच सुचवेन. सुती फडकं एकदा फिरवलं की ती स्वच्छ. माझी टेबलावरच असते. फोनवर बोलताना अंगठा आपोआप तिच्या खाचेतून फिरत राहतो आणि दिव्याखाली काळ्यातली लाल रेघ दिसते.