बाउल सामन्यापूर्वी जोड तपासून देणारी सेवा : एका डिसेंबरचा अनुभव

१ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पॅसाडिनाच्या रोझ बाउल मैदानावर, कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या प्लेऑफमधल्या उपांत्य सामन्यात, मिशिगन आणि अलाबामा या विद्यापीठांच्या संघांची गाठ पडणार, हे ३ डिसेंबर २०२३ ला निवड समितीने जाहीर केले आणि त्याच रात्री आम्ही तिघा मित्रांनी मिळून एका विश्लेषण-सेवेची वर्गणी भरली. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांचे आकडे, चित्रफितींवरील टिपणे आणि प्रत्येक मोठ्या बाउल सामन्यापूर्वी (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यापूर्वी) एक सविस्तर पुस्तिका असे तिचे स्वरूप होते. महिन्याला १५ डॉलर लागत. पुढे एक गंभीर तक्रार यायची असल्याने सेवेचे नाव येथे देत नाही. मात्र या प्रकारच्या बहुतेक सेवांची रचना सारखीच असते, त्यामुळे वर्गणी भरण्याच्या विचारात असलेल्या वाचकाला हा अनुभव उपयोगी पडावा.

आमची अपेक्षा साधी होती. कुस्तीची जोड लावणारा जाणकार जसा दोन्ही मल्लांचे वजन पाहून थांबत नाही, एकाचा हुकमी डाव दुसऱ्याच्या नेमक्या कोणत्या उणिवेवर बसेल हे पाहतो, तसे कोणीतरी या दोन संघांकडे पाहावे असे आम्हाला वाटत होते. बाउल सामन्यात हे काम नेहमीपेक्षा अवघड असते, कारण हे संघ वेगवेगळ्या परिषदांत (विद्यापीठांच्या स्पर्धा-गटांत), वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळून आलेले असतात, त्यांच्या आणि सामन्याच्या मध्ये चार आठवड्यांची विश्रांती असते, आणि त्या चार आठवड्यांत संघाची घडणच बदलू शकते. मिशिगनचा शेवटचा सामना २ डिसेंबरला आयोवाविरुद्ध २६–० असा झाला होता आणि अलाबामाने त्याच दिवशी जॉर्जियाला २७–२४ असे हरवले होते. त्यानंतर थेट १ जानेवारी.

सर्वप्रथम आकड्यांविषयी. या सेवेचे आकडे काळजीपूर्वक तयार केलेले होते आणि केवळ त्यांच्यासाठीही वर्गणी द्यावी, असे माझे मत आहे. कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत नोंदींत क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) सॅक झाला, म्हणजे पास फेकण्यापूर्वीच पाडला गेला, की गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा केले जातात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ते पासच्या खात्यात जातात. त्यामुळे अलाबामासारख्या संघाची, ज्याचा क्वार्टरबॅक जेलन मिल्रो उत्तम धावत असे आणि सॅकही पुष्कळदा होत असे, धावण्याची सरासरी अधिकृत तक्त्यात पाहिली तर ती काहीच नीट सांगत नाही. या पुस्तिकेत सॅक वेगळे काढून ठरवलेल्या धावा आणि पास मोडून केलेल्या धावा असे दोन स्वतंत्र रकाने दिले होते. निकाल लागून गेल्यानंतरच्या निरर्थक वेळातले खेळही वगळले होते. हे कष्ट वाचकाला एकदम दिसत नाहीत, पण पुढचे प्रत्येक अनुमान त्यांच्यावरच उभे असते.

मुख्य मोजमाप ‘यशस्वी खेळां’च्या, म्हणजे यशस्वी चालींच्या, प्रमाणाचे होते. पहिल्या डाऊनवर (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यावर) लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्यावर ७० टक्के आणि तिसऱ्या किंवा चौथ्यावर सगळे यार्ड मिळाले तर तो खेळ यशस्वी धरायचा, ही व्याख्या आता बरीच रूढ आहे. एकूण यार्डांपेक्षा हे माप जास्त प्रामाणिक आहे, कारण एखादी ७० यार्डांची धाव सरासरीला जे फुगवते ते येथे फुगत नाही. पुस्तिकेत हे प्रमाण प्रत्येक डाऊनसाठी वेगळे आणि प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाप्रमाणे दुरुस्त करून दिले होते. परिभाषेची सूची शेवटच्या पानावर होती, ती पहिल्या पानावर हवी होती.

आता ज्या भागासाठी या सेवेचे मनापासून कौतुक करावेसे वाटते तो भाग. पुस्तिकेची जवळपास एक तृतीयांश पाने अलाबामाची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पुढची पाच जणांची फळी) आणि मिशिगनची बचावाची पुढची फळी या एकाच जोडीवर खर्च केली होती. त्या वेळी बहुतेक ठिकाणी चर्चा अलाबामाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या अनुभवाची आणि मिशिगनच्या मागच्या दोन उपांत्य पराभवांची चालू असताना या लेखकाने शांतपणे मांडले होते की अलाबामाच्या डाव्या टॅकलवर (लाइनच्या टोकाजवळच्या जागेवर) पहिल्याच वर्षाचा खेळाडू आहे, मिल्रो चेंडू फार वेळ हातात ठेवतो, आणि मिशिगनचे तेव्हाचे बचाव-प्रशिक्षक जेसी मिंटर यांची पद्धत नेमक्या याच दोन गोष्टींचा फायदा घेणारी आहे. मिंटर यांच्या रचनेत रेषेवर पाच-सहा जण चढाईच्या पवित्र्यात उभे दिसतात, स्नॅप होताच (लाइनच्या मध्यावरच्या सेंटरने चेंडू मागे देताच) त्यांतले दोघे मागे सरकून पासच्या वाटा अडवतात, आणि चढाई करणारे चौघेच असले तरी त्यांतला एक अनपेक्षित जागेवरून येतो. समोरच्या लाइनला कोणी कोणाला धरायचे याचा निर्णय सेकंदाच्या अंशात बदलावा लागतो, आणि तेथेच चूक होते. हे सगळे सहा आकृत्या काढून, प्रत्येक आकृतीशेजारी त्या खेळाचा सामना आणि डाऊन देऊन समजावले होते. फुटबॉल बऱ्यापैकी कळतो असे समजणाऱ्या मला या पानांनी नव्याने पाहायला शिकवले.

प्रत्यक्ष सामन्यात मिल्रो सहा वेळा सॅक झाला, त्यांपैकी पाच वेळा पूर्वार्धात. मेसन ग्रॅहम हा बचाव फळीच्या मध्यावरचा खेळाडू सामन्यातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. मी सामना पाहताना पुस्तिका मांडीवर ठेवली होती, आणि दुसऱ्या सॅकनंतर तिसऱ्या आकृतीवर बोट ठेवून ‘हाच तो खेळ’ असे मित्राला दाखवता आले, याचा आनंद मला आजही वाटतो.

याच भागात एक लहानसा परिच्छेद अलाबामाच्या स्नॅपविषयी होता. सेंटरकडून येणारा चेंडू हंगामात अनेकदा खाली किंवा बाजूला जात होता. २५ नोव्हेंबरला ऑबर्नविरुद्ध अलाबामाला चौथ्या डाऊनवर गोल रेषेपासून तब्बल ३१ यार्डांवरून खेळावे लागले, त्यातही एका फसलेल्या स्नॅपचा मोठा वाटा होता. तेथे टचडाऊन पास (गोल रेषेपलीकडे झेलून सहा गुण देणारा) झेलला गेल्यामुळे ती चूक विस्मृतीत गेली, पण या लेखकाने ती नोंदवून ठेवली होती. रोझ बाउलमधल्या शेवटच्या खेळात, ओव्हरटाइममध्ये, तीन यार्डांवरच्या चौथ्या डाऊनवर स्नॅप पुन्हा खाली आला, मिल्रोला मधूनच घुसावे लागले आणि मिशिगनने त्याला अडवून सामना २७–२० असा जिंकला.

दुसऱ्या बाजूची जोड, म्हणजे मिशिगनची लाइन आणि अलाबामाचे चढाई करणारे बचावपटू डॅलस टर्नर व ख्रिस ब्रॅसवेल, हीसुद्धा समाधानकारक होती. ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात मिशिगनचा गार्ड (लाइनवर टॅकलच्या आतल्या बाजूचा खेळाडू) झॅक झिंटर याचा पाय मोडला होता. त्यामुळे कार्सेन बार्नहार्टला टॅकलवरून गार्डवर आणून टॅकलच्या जागी ट्रेंटी जोन्सला उतरवावे लागले. एका दुखापतीने दोन जागा बदलतात, आणि म्हणून त्यापूर्वीच्या अकरा सामन्यांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, असे लेखकाने स्पष्ट लिहिले होते.

हीच दक्षता ऑरेंज बाउलच्या पुस्तिकेत पूर्णपणे हरवली होती, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. वर्गणीत मोठ्या बाउल सामन्यांच्या सगळ्या पुस्तिका समाविष्ट होत्या आणि ३० डिसेंबरच्या जॉर्जिया विरुद्ध फ्लॉरिडा स्टेट या सामन्याविषयी मला विशेष उत्सुकता होती. फ्लॉरिडा स्टेट तेरापैकी तेरा सामने जिंकूनही, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यानंतर, प्लेऑफसाठीच्या पहिल्या चार संघांत घेतली गेली नव्हती. त्या निर्णयानंतर एकेक खेळाडू माघार घेऊ लागला. किऑन कोलमन, जॅरेड व्हर्स, ट्रे बेन्सन यांच्यासह दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या सामन्यात नव्हते. काही जण व्यावसायिक संघांकडून होणाऱ्या निवडीसाठी शरीर जपत होते, काही जायबंदी होते, तर काहींनी दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव नोंदवले होते. जॉर्जियाकडेही ब्रॉक बॉवर्ससारखे खेळाडू नव्हते, पण त्यांच्या राखीव फळीची खोली वेगळीच होती. पुस्तिकेत मात्र संपूर्ण हंगामाच्या सरासऱ्या घेऊन फ्लॉरिडा स्टेटच्या पुढच्या फळीला चुरशीची लढत देणारी म्हटले होते. ‘उपलब्ध खेळाडू’ नावाचा एक तक्ता रोज अद्ययावत होईल असे वर्गणी घेताना सांगितले गेले होते. तो शेवटचा बदलला गेला तेव्हा सामन्याला आठ दिवस बाकी होते. जॉर्जियाने मध्यंतरालाच ४२–३ अशी आघाडी घेतली आणि सामना ६३–३ असा संपला. बाउल सामन्यांच्या इतिहासातले ते सर्वांत मोठे अंतर आहे.

निकालाचे भाकीत चुकले याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. भाकिते चुकतातच. जे खेळाडू मैदानावर उतरणारच नव्हते त्यांच्या आकड्यांवर वीस पाने उभारली, हे मला खटकते. ही परिस्थिती नवीनही नाही. १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बाउलमध्ये नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा निकामी झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिओनार्ड फर्नेट आणि क्रिस्चन मॅकॅफ्री यांनी आपापल्या बाउल सामन्यांतून माघार घेतली. तेव्हापासून प्रत्येक डिसेंबरमध्ये चाहत्यांचा पहिला प्रश्न ‘कोण खेळणार आहे’ हाच असतो. त्याचे उत्तर ताजे नसेल तर यशस्वी खेळांचे प्रमाण कितीही बारकाईने दुरुस्त केलेले असो, ते दुसऱ्याच संघाचे असते. प्लेऑफच्या सामन्यात खेळाडू सहसा माघार घेत नाहीत, म्हणूनच रोझ बाउलची पुस्तिका खरी उतरली, असे आता मला वाटते, आणि सेवेच्या चालकांनी हा फरक स्वतः ओळखायला हवा होता.

दुसरी उणीव विशेष पथकांची, म्हणजे किक आणि पंट (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणे) यांच्या खेळांची. रोझ बाउलच्या पुस्तिकेत त्यांना अर्धे पान मिळाले होते, तेही दोन्ही किकरांच्या टक्केवारीपुरते. प्रत्यक्षात मिशिगनने सुरुवातीलाच एक पंट हातातून सोडला आणि त्यातून अलाबामाचा पहिला टचडाऊन झाला. एका टचडाऊननंतरचा अतिरिक्त गुण चेंडू नीट न धरल्यामुळे गेला, एक फील्ड गोल (खांबांमधून मारायची गुणांची किक) हुकला, आणि बरोबरी झाल्यावर अखेरच्या मिनिटात आणखी एक पंट स्वतःच्या गोल रेषेपाशी निसटला. तो थोडा मागे गेला असता तर अलाबामाला सेफ्टीचे (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोल रेषेमागे अडवल्याचे) दोन गुण आणि बहुधा सामनाही मिळाला असता. पंट परतवणारा चेंडू किती वेळा झेलतो, किती वेळा जमिनीवर पडू देतो, हे हंगामाच्या चित्रफितींतून मोजता येते. महिन्याच्या विश्रांतीनंतर अशा चुका वाढतात का, हेही तपासण्यासारखे आहे. पुढच्या पुस्तिकेत यासाठी निदान चार पाने द्यावीत, असे मी चालकांना लिहून कळवले आहे.

वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात. फोनवर तक्ते उजवीकडे कापले जातात, छापील प्रत काढल्यास सगळे स्वच्छ दिसते. चित्रफितींवरील टिपणांना सामन्यातली वेळ दिलेली आहे, त्यामुळे मूळ खेळ शोधणे सोपे जाते. आम्ही तिघे सलग तीन रविवारी दोन-दोन तास बसलो, एकाने अलाबामाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने मिशिगनची आणि तिसऱ्याने फक्त पुस्तिकेतला पुरावा विचारायचा असे ठरवले. अशा रीतीने वाचल्यास ही पुस्तिका सर्वाधिक उपयोगी पडते. एकट्याने वाचताना लेखकाच्या ठाम भाषेने आपण सहज वाहून जातो.

ऑरेंज बाउलच्या तक्त्याबद्दल पत्र पाठवल्यावर चार दिवसांत उत्तर आले, चूक मान्य केली गेली आणि एका महिन्याची वर्गणी परत मिळाली. उत्तरात सबबी नव्हत्या, हे मला आवडले. वर्षभराची वर्गणी मी बंद केली असून डिसेंबर आणि जानेवारी एवढेच दोन महिने ठेवले आहेत. ज्यांना प्लेऑफच्या सामन्यांतल्या दोन्ही लाइनींचा अभ्यास करायचा आहे त्यांनी ३० डॉलर जरूर खर्च करावेत. इतर बाउल सामन्यांसाठी मात्र दोन्ही विद्यापीठांच्या गावातल्या वर्तमानपत्रांच्या बातम्या आदल्या दिवसापर्यंत वाचून, न खेळणाऱ्यांची नावे स्वतः पेन्सिलीने खोडावीत आणि मगच पुस्तिकेचे पहिले पान उघडावे.