हूक नॉर्टन की साउथवोल्ड? एका दिवसाची ब्रुअरी आणि पबमधलं जेवण

ब्रुअरी (बिअर बनवण्याचा कारखाना) बघायला जायचं असेल तर हूक नॉर्टन. ब्रुअरीचं निमित्त करून सुट्टी घालवायची असेल तर साउथवोल्ड. लंडनहून दोन्हीकडे जाता येतं, पण बरोबर कोण आहे यावर बरंच अवलंबून आहे.

ऑक्सफर्डशरमधल्या हूक नॉर्टनची ब्रुअरी १८४९ची. आजची उंच इमारत व्हिक्टोरियन काळाच्या अखेरची असून तिची रचना बघण्यासारखी आहे. मोड आणून वाळवलेला जव आणि पाणी वर चढवायचं आणि पुढचं बरंचसं काम गुरुत्वाकर्षणावर सोडायचं. भरडलेला जव साधारण ६५ अंशांच्या पाण्यात भिजतो, त्यातली साखर उतरते, तो गोड द्रव खालच्या मजल्यावर येऊन हॉप्सबरोबर (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) उकळतो आणि थंड झाल्यावर यीस्टच्या ताब्यात जातो. तळमजल्यावरचं १८९९चं वाफेचं इंजिन २००६पर्यंत रोजच्या कामाला होतं. जवळपासच्या पबना पिंपं पोचवणारे शायर जातीचे घोडेही इथे आहेत. मुलांना इंजिनापेक्षा तेच आवडतात.

अडचण जिन्यांची. ते लाकडी, अरुंद आणि उभे आहेत. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना वर नेण्याचा आग्रह धरू नका. त्यांना खाली घोड्यांपाशी आणि कॅफेत बसवा. पायात बंद बूट हवेत. लहान मुलांना टूरमध्ये घेतात का, हे तिकीट काढतानाच विचारा. उकळीचा वास आणि वाफ अनुभवायची असेल तर सकाळची वेळ घ्या, कारण ब्रूइंग पहाटे सुरू होतं आणि दुपारनंतर बहुतेक ठिकाणी धुलाईच चाललेली असते.

सफकच्या किनाऱ्यावरचं साउथवोल्ड म्हणजे ॲडनम्स ब्रुअरी, १८७२पासून. इथलं ब्रूहाउस आधुनिक आहे: स्टीलची भांडी, संगणकावर चालणारं काम, उकळीची उष्णता पुन्हा वापरण्याची सोय. स्वच्छ आणि समजायला सोपं, पण हूक नॉर्टनसारखी जादू नाही. २०१०पासून इथे जिनची डिस्टिलरीही आहे, त्यामुळे बिअर न आवडणाऱ्यांनाही काही मिळतं. खरी बाजी मात्र गावच मारतं. घरांच्या मधोमध उभं पांढरं दीपगृह, त्याच्या अगदी शेजारी सोल बे इन हा पब, पुढे समुद्र, पिअर आणि बंदर. गटातले निम्मे लोक पीत नसतील तर इथे कुणी कंटाळत नाही. हूक नॉर्टनला टूर संपली की गावात फेरफटका आणि गाडी असल्यास रोलराइटचं प्राचीन शिळावर्तुळ, एवढंच.

प्रवासात हूक नॉर्टन सरळ पुढे. मॅरिलबोनहून बॅनबरी साधारण तासाभरात, पुढे बस. रविवारी मात्र त्या बसच्या भरवशावर निघू नका. साउथवोल्डची रेल्वे १९२९मध्येच बंद पडली. इप्सविचला गाडी बदलून हेल्सवर्थ, मग बस किंवा टॅक्सी. एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण दमछाक होते. रात्री मुक्काम केलेला बरा.

जेवणाचं गणित दोन्हीकडे सारखं. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर अनेकदा अडीचच्या सुमारास बंद होतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं. बारा वाजताची टूर घेतलीत तर उपाशी राहाल. सकाळची टूर आणि एक वाजताचं टेबल, हाच क्रम ठेवा. रविवारच्या रोस्टसाठी आधी बुकिंग हवंच. हूक नॉर्टनला ब्रुअरीच्या गल्लीच्या तोंडाशी पेअर ट्री हा पब आहे. साउथवोल्डला मासे खा.

शाकाहाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: ग्रेव्ही मांसाच्या स्टॉकची आहे का, चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, आणि यॉर्कशर पुडिंग चालेल का (त्यात अंडं असतंच). चौथी गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसते. पिंपातली एल (पारंपरिक ब्रिटिश बिअर) नितळ करायला अनेक ब्रुअऱ्या आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीतला चिकट पदार्थ. कडक शाकाहारी असाल तर बारवर विचारा.

पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर देतात. ‘बिअर गरम आहे’ ही तक्रार करू नका, ती तशीच असते. आंबूस व्हिनेगरी वास आला तर मात्र ग्लास परत करा; उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपावं लागतं आणि गिऱ्हाईक कमी असलेल्या पबमध्ये ते लांबतं. दुसरा ग्लास सहसा निमूट मिळतो.

पाइंट ५६८ मिलिलिटरचा. हूक नॉर्टनची ओल्ड हुकी ही बिअर ४.६ टक्के अल्कोहोलची, म्हणजे एका पाइंटमध्ये २.६ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल), शरीराला एका युनिटला साधारण तास लागतो. ॲडनम्सची ब्रॉडसाइड पिंपातून ४.७ टक्के, पण बाटलीत ६.३, नाव तेच म्हणून फसू नका. गाडी चालवणाऱ्याने टूरनंतरची चव अर्ध्या घोटावर थांबवावी, किंवा ॲडनम्सची ०.५ टक्क्यांची घोस्ट शिप घ्यावी, ती खरंच चांगली लागते.