हांगझोऊ एशियाडचं ॲथलेटिक्स: मैदान अव्वल, पंचांचं काम कच्चं

२९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२३, असे सात दिवस हांगझोऊच्या ‘बिग लोटस’ स्टेडियममध्ये एशियाडचं ॲथलेटिक्स रंगलं. भारताची २९ पदकं, त्यांतली ६ सुवर्ण, हे बहुतेकांना पाठ आहे. हे परीक्षण मात्र संयोजनाचं आहे. खेळाडूनं घाम गाळल्यावर त्याची कामगिरी बिनचूक मोजली जाणं आणि वेळेत न्याय मिळणं, ही सेवा कशी होती? पाचपैकी साडेतीन गुण. कापलेले जवळपास सगळे पंचांच्या खात्यातले.

सर्वांत मोठी चूक पुरुषांच्या भालाफेकीत झाली, म्हणून आधी तीच. नीरज चोप्राची पहिलीच फेक मोजली गेली नाही. मोजणी कशी होते ते पाहिलं की यातलं गांभीर्य कळतं. भाल्याचं टोक जिथे जमिनीला लागतं तिथे पंच प्रिझम लावलेली काठी रोवतो. बाहेर तिपाईवर बसवलेलं यंत्र त्या प्रिझमवर नेम धरतं आणि अंतर वाचतं. सेंटिमीटरच्या खालचा भाग सोडून दिला जातो. हे सगळं उभं असतं गवतातल्या त्या एवढ्याशा भोकावर. आकडा नोंदला गेल्याचा इशारा येईपर्यंत काठी हलवायची नाही आणि पुढच्या खेळाडूला धावपट्टी द्यायची नाही, ही शिस्त मोडली की खूण हरवते. मग कितीही भारी यंत्र असलं तरी काही उपयोग नाही.

अशा वेळी नियमात बदली प्रयत्नाची सोय आहे आणि तो नीरजला मिळाला. कागदावर न्याय झाला, मैदानावर नाही. ताज्या अंगानं केलेली पहिली फेक वाया गेली, मध्ये ताटकळण्यात अंग थंड पडलं आणि बदली फेक ८२.३८ मीटरवर पडली. चौथ्या प्रयत्नात ८८.८८ मीटर गेले म्हणून सुवर्ण हाती लागलं. त्याच स्पर्धेत भारताच्याच किशोर जेनाच्या दुसऱ्या फेकीला लाल झेंडा, म्हणजे फाउल, दाखवला गेला. हरकत घेतल्यावर तो निर्णय फिरला आणि ७९.७६ मीटरची नोंद झाली. पुढे त्यानं ८७.५४ मीटरचं रौप्य मिळवलं. एकाच अंतिम फेरीत दोनदा असं व्हावं, ही एशियाडला शोभणारी गोष्ट नाही.

आपल्या प्रशिक्षकांनी यातून मुलांना एक गोष्ट जरूर शिकवावी. फाउल चुकीचा वाटला तर जागेवरच, लगेच रेफरीकडे, म्हणजे मुख्य पंचाकडे, तोंडी हरकत घ्यायची आणि फेक मोजून ठेवायला सांगायचं. तसा आदेश देण्याचा अधिकार रेफरीला आहे. बाकावर जाऊन प्रशिक्षकाशी बोलून मग परत यावं, तर तोवर खूण पुसली गेलेली असते.

दुसरा गोंधळ १ ऑक्टोबरला महिलांच्या १०० मीटर हर्डल्समध्ये. चीनची वू यान्नी बंदुकीआधी हलली, शेजारची आपली ज्योती याराजी तिच्या मागोमाग उठली. पंचांनी लाल कार्ड, म्हणजे बाद, दोघींना दाखवलं! एकानं चूक केली की शेजारचा ओढला जातोच. काटेकोरपणे बोलायचं तर त्याचाही तो फॉल्स स्टार्टच. पण कारवाई करायची ती ज्याच्यामुळे स्टार्ट बिघडला त्याच्यावर, असं नियमपुस्तिकेत टिपेत स्पष्ट लिहिलेलं आहे. सुरुवातीला पाय रोवायच्या ब्लॉक्सना जोडलेली यंत्रणा प्रतिक्रियेची वेळ देते आणि ०.१०० सेकंदाच्या आतली प्रतिक्रिया फॉल्स स्टार्ट धरली जाते. ही माहिती समोर असताना निर्णय दोन मिनिटांत व्हायला हवा होता. तसं न होता हरकतीचा निर्णय नंतर होईल या अटीवर दोघींना पळवलं गेलं. वू दुसरी आली, ज्योती १२.९१ सेकंदांत तिसरी. नंतर वू बाद झाली आणि ज्योतीला रौप्य मिळालं. निकाल योग्य लागला, पण वाद आणि लांबलेल्या थांबण्याचा ताण सोसून ब्लॉक्समध्ये परत बसणं किती अवघड असतं, ते हर्डल्स पळणाऱ्यालाच विचारा. पहिल्या हर्डलपर्यंतच्या १३ मीटरांत आठ पावलांची लय बसवायची असते, ती एका क्षणात विस्कटते.

हातोडाफेकीतला अपघात मात्र माफ करण्यासारखा नाही. सुटलेला हातोडा एका पंचाच्या पायावर आदळला आणि हाड मोडलं. पुरुषांचा हातोडा ७.२६ किलोचा. तो सेकंदाला ३२ मीटर वेगानं आला तरी फेकणाऱ्याभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यानं अडवला पाहिजे, असं मानक आहे. पुढच्या दोन हलत्या दारांपैकी कोणतं आत घ्यायचं ते फेकणारा डावरा की उजवा यावर ठरतं आणि प्रत्येक खेळाडूआधी ते तपासावं लागतं. जाळी खाली सैल राहिली किंवा दोन पट्ट्यांत फट राहिली तर हातोडा तीच वाट शोधतो. शिवाय जाळीला खेटून कुणी बसायचंच नाही. जाळी ताणली जाते, मागे फुगते, आणि तेवढं अंतर माणसाच्या पायाला पुरतं. तालुक्याच्या स्पर्धेतही हे पाळता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

आता जमेची बाजू, आणि तीही मोठी आहे. धावपट्टी एकसारखी होती, वेळेची नोंद आणि फोटोफिनिशबद्दल कुरकुर करायला जागा नव्हती. थाळीफेकीतल्या थाळ्या परत आणायला चक्क रोबो-श्वान फिरत होते. ते लहान मुलांना आवडले असतीलच, पण मैदानात माणसांची ये-जा कमी होते, हा त्यांचा खरा फायदा. लांब उडीत चीनचा वांग जियानान ८.२२ मीटर आणि आपला श्रीशंकर ८.१९, असा तीन सेंटिमीटरचा फरक होता. इतक्या बारीक फरकावर सुवर्ण ठरतं तेव्हा मोजणीवर विश्वास बसावाच लागतो, आणि इथे तो बसला.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायची शर्यत, ८ मिनिटं १९.५० सेकंदांत जिंकला, हा स्पर्धेचा नवा विक्रम. तो सुरुवातीपासून पुढे पळाला, यामागे हिशेब आहे. स्टीपलचेसचा अडथळा हर्डलसारखा पडत नाही. ९१.४ सेंटिमीटर उंचीवर भक्कम लाकडी तुळई असते. घोळक्यात पळताना ती समोरच्याच्या पाठीआड लपते, पाऊल चुकतं आणि गुडघा फुटतो. पुढे असलं की २८ अडथळे आणि ७ पाणउड्या लांबूनच दिसतात, पावलं आधीपासून जुळवता येतात.

पुढचं एशियाड २०२६ मध्ये जपानमधल्या आयची-नागोयाला. पथक व्यवस्थापकांनी एक गोष्ट आजच वहीत लिहून ठेवावी: निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून हरकतीला फक्त ३० मिनिटं मिळतात आणि रेफरीचा निर्णय पटला नाही तर ज्युरीकडच्या, म्हणजे अपील ऐकणाऱ्या मंडळाकडच्या, अपिलाला १०० डॉलर अनामत लागते. अर्जाचा कोरा नमुना आणि ती रक्कम एका पाकिटात घालून रोज मैदानावर न्यावी.