एका सामन्याचा खेळाडू शोधायचाय? ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह कितपत कामाचं

रग्बी लीगमध्ये (तेरा-तेरा जणांची, पैसे घेऊन खेळायची रग्बी) पंधरा वर्षं खेळलेल्यांची माहिती कुठेही मिळते. कस लागतो तो दोन-चार सामन्यांत गायब झालेल्यांचा माग काढताना. मॅकडोनाल्ड बेलीचंच बघा. मूळचा त्रिनिदादचा हा धावपटू १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून १०० मीटरमध्ये तिसरा आला (आपल्या खाशाबा जाधवांचं कांस्यही तिथलंच). १९५३ मध्ये लँकेशायरच्या ली क्लबनं त्याला करारबद्ध केलं. विगनविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना, आणि खेळ खलास. असे सामने अधिकृत आकडेवारीत धरत नाहीत, त्यामुळे जुनी वर्तमानपत्रंच उघडावी लागतात.

२०११ पासून चालू असलेली ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह ही जुन्या वर्तमानपत्रांची ऑनलाइन सेवा त्यासाठी झकास आहे, फक्त वापरायची रीत हवी. शोध फुकट, बहुतेक पानं वाचायला पैसे. तेव्हा आधी यादीत बघा, त्या गावाचं वर्तमानपत्र हव्या त्या वर्षासकट चढवलंय का. नसेल तर खिशात हात घालू नका.

नुसतं 'बेली' आणि 'ली' दिलंत तर एसेक्समधलं ली-ऑन-सीसुद्धा गळ्यात पडतं. परगणा आणि वर्ष बांधून घ्या, जोडीला 'विगन' टाका. 'मॅकडोनाल्ड'ची स्पेलिंगं तेव्हा नाना तऱ्हेची छापत, म्हणून आडनावच बरं.

मजकूर यंत्रानं वाचलेला असतो. बांधीव खंडाच्या शिवणीलगतच्या ओळी आणि बारीक टायपातल्या संघयाद्या ते हमखास चुकवतं. नाव लागलं नाही तर सामन्याची तारीख धरून पान डोळ्यांनी वाचा. शनिवारचा सामना बहुधा सोमवारच्या दैनिकात सापडतो. चुकलेला शब्द वाचकाला दुरुस्त करता येतो, ही सोय मात्र फार चांगली.

आणखी एक मेख. रग्बी युनियनमधून (तेव्हाची हौशी, बिनपैशाची रग्बी) चाचणीला आलेला गडी खोट्या नावानं उतरे, कारण ओळख पटली की युनियनची दारं कायमची बंद. संघयादीत 'ए. एन. अदर' ('आणखी कोणी' अशा अर्थाचं बनावट नाव) दिसला की पुढच्या दोन-तीन आठवड्यांचे अंक चाळा. करार झाला असेल तर खरं नाव तिथे फुटतं. आदल्या दिवशी जाहीर झालेल्या संघावरून सामने मोजू नका, वृत्तांतच धरा. १९६४ पर्यंत बदली खेळाडूच नव्हते, त्यामुळे तेरा नावं जुळली की हिशेब पक्का.

एका खेळाडूसाठी महिन्याची वर्गणी पुरते. वर्षभराची घ्यायची ती अख्ख्या क्लबाचा इतिहास काढायचा असेल तरच.